येतो म्हणजे कधी?

ही गोष्ट तुम्ही आजी-आजोबा व्हाल तेव्हाची आहे. त्यामुळे यातल्या आजोबांचं नाव अर्णव आहे म्हणून कुणी हसू नये. तुमच्या वर्गातल्या अर्णवलाही कधीतरी टक्कल पडणारच आहे. नातीचं नाव मात्र द्वारका. जुन्या नावांची टूम तोवर पुन्हा आलेली होती. द्वारकाच्या वर्गात दोन यमुना होत्या आणि एक विठाबाईसुद्धा होती.

तर ही द्वारका देवरे मे महिन्याच्या सुट्टीत धुळ्याहून तोरणमाळला आजोबांकडे आली. सातपुड्याच्या माथ्यावरचं हे थंड हवेचं गाव. तलावाच्या वरच्या टेकाडावर पांढरीशुभ्र, आभाळाकडे तोंड केलेली परातीसारखी भलीमोठी अँटेना होती आणि तिच्या पायथ्याशी एक बैठं केंद्र. डॉ. अर्णव देवरे या केंद्राचे प्रमुख. सकाळचा चहा घशाखाली उतरायच्या आत ते तिथे पळालेले असायचे, आणि डबा घरीच विसरलेले असायचे.

दुसऱ्याच दिवशी तो विसरलेला डबा घेऊन द्वारका केंद्रात गेली. दार अर्धवट उघडं होतं. आतून आजोबांचा आवाज आला आणि ती जागच्या जागी थबकली.

"जुन्या कर्नलला हात लावायचा नाही. नव्याला फक्त एकदाच गादीवर बसवून पाहू. घाबरून कोसळला, तर जुना आपोआप परत येईल."

"आणि कोसळलाच नाही, नुसता ढिम्म बसून राहिला तर?" एका बाईंनी विचारलं.

"मग त्याची वीज तोडायची."

द्वारकाचे मामा सैन्यात होते. कर्नल म्हणजे केवढा मोठा अधिकारी हे तिला चांगलं ठाऊक होतं. त्याला गादीवरून उतरवायचं कारस्थान आपले आजोबा करताहेत, हे तिला खरंच वाटेना. पण कर्नलची वीज कशी तोडणार? हे काही केल्या तिच्या डोक्यात शिरेना. शेवटी ती सरळ आत शिरली आणि डबा टेबलावर आपटत म्हणाली, "आजोबा, मी सैन्यातल्या मामाला सांगणार आहे. कर्नलची वीज तोडताय तुम्ही!"

आजोबांना काहीच कळलं नाही. त्यांच्या शेजारी बसलेल्या पाडवीताईंना मात्र कळलं, आणि त्या हसायला लागल्या त्या थांबेचनात. पाडवीताई केंद्रातल्या संगणक अभियंता होत्या. डोळे पुसत त्या म्हणाल्या, "अगं, कर्नल नव्हे, कर्नेल. सैन्यातला नाही, संगणकातला."

"कर्नेल म्हणजे?"

"संगणकाचा कारभारी. सांगा सर, तुमची नात आहे."

आजोबांना तेवढंच हवं होतं. शिकवायची संधी ते कधी सोडायचे नाहीत. खुर्ची ओढून ते म्हणाले, "तू लग्नघर पाहिलंयस ना? आचाऱ्याला पाणी हवं असतं, मांडववाल्याला वीज हवी असते, पाहुण्यांना खोल्या हव्या असतात. सगळे आपापसात भांडत बसले तर लग्न लागायचं कधी? म्हणून एक काका असतात. सगळ्या किल्ल्या त्यांच्या कमरेला. ज्याला जे लागेल ते त्यांच्याकडेच मागायचं. संगणकात कार्यक्रम पुष्कळ असतात, पण स्मृती (माहिती ठेवायची जागा), वीज, अँटेना या सगळ्यांच्या किल्ल्या एकाच्याच हाती असतात. तो कर्नेल."

"आणि त्या काकांना का काढताय?"

"कारण त्यांना नव्या खोल्या दिसत नाहीत," पाडवीताई म्हणाल्या, आणि त्यांनी भिंतीवरचा पडदा उजळला.

पडद्यावर राखाडी मैदान होतं, वर काळंकुट्ट आभाळ. मैदानात कोळिष्टकासारख्या बारीक तारांच्या शेकडो अँटेना पसरल्या होत्या, आणि मधोमध कपाटाएवढी एक पेटी होती. त्या चित्रात माणूस नव्हता, झाड नव्हतं, साधा पक्षीही नव्हता. द्वारका पडद्याजवळ सरकली.

"ही चंद्राची पाठ," आजोबा हळू आवाजात म्हणाले. "चंद्र आपल्याला कायम एकच बाजू दाखवतो. ही दुसरी. इथून पृथ्वी कधीच दिसत नाही, म्हणून पृथ्वीवरच्या फोनचा, रेडिओचा, उपग्रहांचा गोंगाट इथे पोचत नाही. इतकी शांत जागा आपल्या जवळपास दुसरी नाही. आणि ही पेटी म्हणजे आमचा सर्व्हर (दुसऱ्यांसाठी अखंड राबणारा संगणक). लिनक्स नावाच्या प्रणालीवर चालतो. आम्ही त्याला कान म्हणतो."

"काय ऐकतो हा?"

"तारे जन्मायच्या आधी विश्वात नुसता अंधार होता आणि हायड्रोजन वायू होता. त्या वायूची एक अगदी क्षीण कुजबुज अजून फिरते आहे. ती ऐकायला मी उभा जन्म घालवला. निम्म्या अँटेनांनी ती पकडता येत नाही, म्हणून यंदा यंत्रमानवांनी उरलेल्या निम्म्याही उभारल्या. पण जुना कर्नेल या नव्या अँटेनांना ओळखतच नाही. त्याच्या लेखी त्या नाहीतच. म्हणून नवा कर्नेल."

"मग बसवा की."

उत्तर पाडवीताईंनी दिलं. "चंद्रावर दोन आठवडे दिवस असतो आणि दोन आठवडे रात्र. या रविवारी तिथे सूर्य मावळेल. रात्री तिथे इतकी भयंकर थंडी पडते की सर्व्हरनं स्वतःचं हीटर चालू ठेवलं नाही, तर बॅटऱ्या फुटतील आणि कान कायमचा मरेल. आता समज, नवा कर्नेल बसवला आणि तो बिघडला. या खोलीतला संगणक अडकला तर मी काय करते? बटण दाबते. बंद करते, चालू करते. तिथले यंत्रमानवही काम संपवून परत गेलेत. तिथे बटण दाबायला कोण जाणार?"

"मग रात्र संपल्यावर करा."

"पुढच्या महिन्यात त्या बाजूला खाणकामाची यंत्रं उतरणार आहेत," आजोबा म्हणाले. "त्यांचे रेडिओ सुरू झाले की ती शांतता संपली. दिवसा सूर्याचा गोंगाट असतो, म्हणून ऐकायचं ते रात्रीच. ही शेवटची शांत रात्र आहे, द्वारका. ऐकायचं तर हीच रात्र."

द्वारकाने आजोबांकडे पाहिलं. ते पडद्यावरून नजर काढत नव्हते. हे नुसतं कामाचं बोलणं नाही, हे तिला तेव्हा कळलं, आणि मघाशी आपटलेला डबा तिने उगाचच सरळ करून ठेवला.

"मग बिघडलं तरी परत येईल असं काहीतरी करायला हवं," ती म्हणाली.

"तेच तर केलंय," पाडवीताईंचा चेहरा खुलला. "हे बघ. संगणक चालू झाला की सगळ्यांत आधी बूटलोडर उठतो (कर्नेलला झोपेतून उठवणारा छोटासा कार्यक्रम. हा बूट पायातला नाही). त्याच्यासमोर दोन पाट्या आहेत असं समज. एकीवर लिहिलंय, 'नेहमी: जुना कर्नेल'. ती आम्ही पुसायची नाही. दुसरी पाटी कोरी असते. तिच्यावर आम्ही लिहायचं, 'फक्त एकदा: नवा कर्नेल'. बूटलोडर उठतो, दुसरी पाटी वाचतो. आणि आता नीट ऐक, नव्या कर्नेलला उठवायच्या आधी तो ती पाटी पुसून टाकतो."

"आधीच? काम व्हायच्या आधीच?"

"का बरं?" पाडवीताईंनी उलट तिलाच विचारलं.

द्वारका विचारात पडली. आई नेहमी सांगायची, काम झालं की मगच त्याच्यावर काट मारायची. इथे सगळं उलटंच होतं. तिने डोळे मिटून ती चंद्रावरची पेटी डोळ्यांसमोर आणली. नवा कर्नेल उठला आणि पडला. मग पाटी पुसणार कोण? पुसायला कुणी उरलेलंच नाही. पाटी तशीच राहिली, तर पुढच्या वेळी पुन्हा तोच नवा कर्नेल, पुन्हा पडणार, पुन्हा तोच.

"आधी पुसली नाही, तर तो पडतच राहील," ती डोळे उघडून म्हणाली. "आणि आधी पुसली, तर पडल्यावर दुसरी पाटी कोरी. मग उरली फक्त पहिली."

"आणि पहिलीवर कोण?"

"जुना."

एक पाटी आधी पुसायची की नंतर, एवढ्याशा गोष्टीवर ती अख्खी पेटी जगणार होती किंवा मरणार होती. ज्याला कुणाला पहिल्यांदा हे सुचलं असेल, त्याला एकदा भेटायला हवं, असं तिला वाटलं.

"पण पडल्यावर तो पुन्हा चालू कसा होईल?" तिने विचारलं. "बटण तर कुणी दाबणार नाही."

"कर्नेल बिघडतो तो दोन तऱ्हांनी," पाडवीताई म्हणाल्या. "एक म्हणजे घाबरगुंडी. खरंच, संगणकवाले असंच म्हणतात. आपल्या हातून काहीतरी भलतंच घडतंय, असंच चालू ठेवलं तर सगळी माहिती खराब होईल, हे कर्नेलला कळतं आणि तो हात वर करून थांबतो. तेव्हा त्याला सांगून ठेवायचं, घाबरलास तर अमुक सेकंदांनी स्वतःच स्वतःला पुन्हा चालू कर. दुसरी तऱ्हा वाईट. त्याला घाबरल्याचंही कळत नाही, नुसता ढिम्म बसतो. किंवा आपल्याच नादात चालू राहतो, पण आपली हाक त्याला ऐकू येत नाही. त्याच्यासाठी पेटीत एक वेगळं राखणघड्याळ आहे. ते कर्नेलचं काही ऐकत नाही. पृथ्वीवरून 'आहेस का' असा निरोप गेला आणि त्याचं उत्तर निघालं, तरच ते गप्प राहतं. नाहीतर वीज तोडतं आणि पुन्हा जोडतं."

म्हणजे मघाची तोडलेली वीज ही होती. द्वारकाला आपल्याच शहाणपणाचं हसू आलं.

"आणि आमची एक पद्धत आहे," पाडवीताई म्हणाल्या. "बंद होण्याआधी कान एक शब्द पाठवतो, 'येतो'. मीच तसं लिहून ठेवलंय. आमच्या घरी बाहेर पडताना 'जातो' म्हटलेलं माझ्या आजीला खपायचं नाही."

"आमच्याकडेही नाही," द्वारका म्हणाली. मग तिने आजोबांकडे तिरका डोळा टाकला. "पण नुसतं 'येतो' म्हणून काय उपयोग? येतो म्हणजे कधी? आजोबा दर दिवाळीला फोनवर म्हणतात, येतो गं. आम्ही करंज्या करून वाट बघतो, आणि हे कुठले यायला."

आजोबांनी चष्मा काढला आणि उगाचच पुसायला घेतला. पाडवीताई हसू दाबत म्हणाल्या, "बरोबर विचारलंस. वेळ सांगितल्याशिवाय 'येतो' म्हणणं म्हणजे नाही म्हणणंच. घाबरल्यावर तो किती सेकंदांनी येणार, ते दाखवते तुला."

त्यांनी कर्नेलला दिलेल्या सूचनांची यादी उघडली, आणि त्यांचं हसू मावळलं.

"सर, इथे मी तीस लिहिले होते. इथे शून्य आहे."

"हो, मीच काल संध्याकाळी बदलले," आजोबा म्हणाले. "तीस सेकंद कशाला वाया घालवायचे? शून्य केलं. पडला की तत्क्षणी उठेल."

पाडवीताई अगदी सावकाश म्हणाल्या, "सर, इथे शून्याचा अर्थ लगेच असा नाही. शून्य म्हणजे उठूच नकोस. माणूस येईपर्यंत आहेस तसा थांब."

"असं उफराटं कुणी ठरवलं?"

"उफराटं नाही ते. पूर्वी हे संगणक खोलीत असायचे आणि माणसं शेजारी. कर्नेल घाबरला की पडद्यावर शेवटचे शब्द लिहून थांबायचा, म्हणजे कुणीतरी येऊन वाचेल, काय बिघडलं ते बघेल. म्हणून आकडा दिला नसेल तर वाट बघायची. तिथे कोण येणार होतं वाचायला?"

"पण ते राखणघड्याळ?"

"त्यानं कदाचित वाचवलंही असतं. पण एकाच दोरीवर लटकायला लागलो असतो, आणि तीही तिथे कधी ताणून पाहिलेली नाही."

आजोबा तो शून्य पुन्हा पुन्हा बघत राहिले. इतकी वर्षं मोठमोठी गणितं सोडवलेला हा माणूस एका शून्यापाशी चुकला होता, आणि तेही घाईपोटी, कानाच्या काळजीपोटी. ते घाबरले होते, अगदी उघड घाबरले होते. द्वारका त्यांना चिकटून उभी राहिली. मघाचं दिवाळीचं बोलणं आता तिलाच टोचायला लागलं.

"तू विचारलं नसतंस तर," ते एवढंच म्हणाले.

"मी तर तुम्हाला टोमणा मारत होते," द्वारका म्हणाली.

पाडवीताईंनी शून्य पुसून तीस लिहिले. तीसच का, हेही त्यांनी सांगितलं. पडलेल्या कर्नेलला तेवढ्या वेळात आपले शेवटचे शब्द पृथ्वीकडे पाठवता येतात. लगेच उठवलं तर तो वाचेल, पण पडला कशामुळे ते कधीच कळणार नाही.

मग तिघांनी मिळून एकेक गोष्ट पुन्हा तपासली. पहिली पाटी जुनीच आहे. दुसरीवर 'फक्त एकदा' आहे. तीस आहेत. राखणघड्याळ जागं आहे. पाडवीताईंनी आजोबांकडे पाहिलं, आजोबांनी मान हलवली, आणि 'बंद होऊन पुन्हा चालू हो' असा निरोप निघाला.

चंद्रामागे तो थेट जात नाही. आधी चंद्राच्या पलीकडे तरंगणाऱ्या हरकारा नावाच्या उपग्रहाकडे जातो, आणि हरकारा तो खाली कानाला सांगतो. थोड्याच सेकंदांत पडद्यावर शब्द उमटला.

येतो.

आणि पुढे काही नाही. खोलीत पंख्याचा आवाज तेवढा होता. बाहेर तलावावर कुणीतरी कुणाला हाका मारत होतं. द्वारकाच्या मनात आलं, आत्ता या क्षणी तिथे सगळं बंद आहे. कपाटाएवढी एक पेटी, आणि तिच्यात पाटी पुसणारा एक इवलासा कार्यक्रम. त्याला ना आजोबा माहीत, ना तोरणमाळ. सांगितलेलं तेवढं तो करतो आहे. लाखो किलोमीटर लांब, जिथून आपलं घर दिसतसुद्धा नाही अशा जागी.

पडद्यावर अक्षरांच्या ओळी भराभर धावल्या आणि एकदम थांबल्या.

"घाबरला," पाडवीताई म्हणाल्या. "नवा कर्नेल पडला."

आजोबांनी द्वारकाचा हात घट्ट धरला. ते तीस सेकंद द्वारकाला अख्ख्या सुट्टीएवढे वाटले. सेकंद संपले तरी पडदा रिकामाच होता. आणखी थोडा वेळ गेला. संगणकाला उठायला वेळ लागतो, हे द्वारकाला आता माहीत होतं, तरीही ती मनातल्या मनात पुढचे आकडे मोजत राहिली.

आलो.

खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं: जुना कर्नेल चालू. हीटर चालू. हानी नाही.

आजोबा रडत होते आणि हसतही होते. द्वारका पडद्याकडे बघत राहिली. तिथे कुणी नव्हतं. कुणी हात दिला नाही, कुणी बटण दाबलं नाही. तो तिथे एकटाच पडला आणि आपला आपण उठून आला, तेही पडलो कशानं हे सांगून. आपली चाचणी फसली आहे, हे तिच्या बऱ्याच उशिरा लक्षात आलं. मग तिला कळलं, ती फसलेलीच नाही. पडून पाहायचं होतं, आणि पडूनही काही मोडलं नव्हतं.

शेवटच्या शब्दांवरून बिघाड सापडला. नव्या अँटेना मोजायला नव्या कर्नेलने जेवढी जागा राखली होती, तेवढी पुरली नव्हती. पाडवीताईंनी जागा वाढवली. शनिवारी पुन्हा तशीच दुसरी पाटी, तसाच 'येतो', तशीच शांतता. या वेळी 'आलो' बरोबर लिहून आलं: नवा कर्नेल चालू. सगळ्या अँटेना दिसल्या.

आजोबा खुर्चीतून उठले. "आता पहिली पाटी बदला."

"आज नाही, सर," पाडवीताई ठामपणे म्हणाल्या. "आपल्याकडची एक रात्र चालू दे. हीटर नीट सांभाळतो का बघू. अजून काही बिघडलं, तर तो जुन्याकडेच परत जायला हवा." आजोबा निमूट खाली बसले. दुसऱ्या दिवशी, सूर्य मावळायच्या जेमतेम आधी, सगळं ठीक आहे अशी खात्री पटल्यावर पहिल्या पाटीवर नव्याचं नाव गेलं. जुन्याला मात्र पुसलं नाही. तो त्याच पेटीत, एका कोपऱ्यात, लागेल तेव्हा उठण्यासाठी झोपून राहिला.

तिथे रात्र झाली. तिच्या दोन आठवड्यांत द्वारका रोज केंद्रात जायची. अँटेना ऐकत होत्या आणि आकडे येत होते. नुसत्या आकड्यांतून काही कळत नव्हतं. ते एकावर एक रचावे लागतात, गोंगाट गाळावा लागतो, तेव्हा कुठे कुजबुज वर येते. धुळ्याला परत जायचा दिवस आला, त्या दुपारी आजोबांनी तिला पडद्यासमोर बसवलं.

सरळ जाणारी एक रेघ होती. मध्येच ती किंचित खाली वाकली होती आणि पुन्हा वर आली होती. बस, एवढंच.

"हे?" द्वारकाने विचारलं.

"हेच. त्या वायूची कुजबुज," आजोबा म्हणाले. "पहिला तारा पेटायच्या आधीचा अंधार आहे हा. सूर्य नव्हता, पृथ्वी नव्हती, एकही तारा नव्हता, तेव्हाचा. साडेतेरा अब्ज वर्षं चालत इथवर आला."

द्वारका त्या वाकलेल्या रेघेकडे किती तरी वेळ बघत राहिली. पडद्याला बोट लावायचा तिला धीर झाला नाही.

"पुढच्या महिन्यात तिथे गोंगाट सुरू होईल," ती म्हणाली. "मग आपण कुठे ऐकायचं?"

"आणखी लांब. नेपच्यूनच्या पलीकडे एक कान न्यायचं चाललंय. तिथे आपला निरोप पोचायलाच चार तासांहून जास्त लागतील. मी तोवर नसेन."

"मी असेन," द्वारका म्हणाली. "त्याच्या पाट्या मी लिहीन."

आजोबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. दोघंही पुन्हा पडद्याकडे वळले.

"आजोबा, ही कुजबुज निघाली, तेव्हा ती ऐकायला कुणीच नव्हतं ना?"

"कुणीच नव्हतं," आजोबा म्हणाले. "आता आपण आहोत."